‘दे इकडे’ म्हणायच्या आधी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एक डबा हमखास खाली येतो. तुमच्याकडेही असणार. चाक निखळलेली जीप, काच तडकलेली अँब्युलन्स, रंग उडून राखाडी पडलेली रेसिंग कार, आणि कुठल्या गाडीचं ते कुणालाच न आठवणारं एक सुटं दार. “हे आता टाकूया ना?” असं आपण विचारतो. मूल “नको” म्हणतं. वाद घालायला वेळ नसतो, पडदे धुवायचे राहिलेले असतात. डबा परत माळ्यावर जातो.

एका वर्षी आमच्याकडचा डबा वर गेलाच नाही. लेक तेव्हा सातवीत होती. मोडक्या छोट्या गाड्या उघडून, घासून, रंगवून पुन्हा उभ्या करणाऱ्या कुणाचे तरी व्हिडिओ तिने पाहिले होते. “आई, मला हे करायचंय.”

असं काही कानावर आलं की आपल्या डोक्यात काय काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको. रंगाचा वास. फरशीवरचे डाग. ब्लेड. खर्च. आणि तोंडावर आलेली चाचणी परीक्षा. आमच्याकडे त्यात सासूबाईंच्या प्रश्नाची भर पडली: “मुलीला गाड्यांचं कसलं गं वेड?”

त्यांना मी जॅक ओडेलची गोष्ट सांगितली. लंडनमधल्या लेस्नी नावाच्या कारखान्याचा हा भागीदार, हाडाचा इंजिनिअर. त्याच्या मुलीच्या शाळेत म्हणे नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. मग बाबाने पितळेचा एक इवलासा रोडरोलर केला आणि काडेपेटीत घालून तिच्या हातात दिला. वर्गातल्या सगळ्यांनाच तो हवासा झाला. १९५३ साली लेस्नीने ‘मॅचबॉक्स’ या नावाने असल्या गाड्या विकायला काढल्या, आणि पुढे त्या जगभरच्या मुलांच्या खिशात जाऊन बसल्या. “म्हणजे मुलीमुळेच झालं की सगळं,” सासूबाई म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला.

मला त्या गोष्टीतला रोडरोलर आवडतोच, पण त्याहून जास्त आवडतो तो कारखान्याच्या धबडग्यात मुलीसाठी वेळ काढणारा बाप. आपल्याकडे तेवढं कसब नसतं. लेथ मशीन तर नसतंच. पण मुलांना ते हवं असतं असंही नाही. त्यांना शेजारी बसणारं माणूस हवं असतं, आणि शक्यतो गप्प बसणारं.

हे गप्प बसणंच अवघड आहे हो.

आता या छंदाला लागतं काय? सुरुवातीला फारसं काही नाही. एक बारीक स्क्रूड्रायव्हर, हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, मास्किंग टेप, दातकोरण्या, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. खाली पसरायला जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर काठ असलेलं मोठं ताट, म्हणजे सुटे भाग घरंगळत कपाटाखाली जात नाहीत. आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे जुना मसाल्याचा डबा. एका वाटीत चाकं, एकीत काचा, एकीत सीट आणि स्टिअरिंग. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, नाहीतर आठवड्याने कुठली चाकं पुढची आणि कुठली मागची हे कुणालाच सांगता येत नाही.

या गाड्यांची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते. वितळलेला धातू दाबाने साच्यात घालून ती करतात. खालचा तळ बॉडीला रिव्हेटने जोडलेला असतो, बहुतेक गाड्यांना स्क्रू नसतोच. त्यामुळे गाडी उघडायची तर रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढावं लागतं. साधारण तीन मिलीमीटरचं बिट, कमी वेग, गाडी व्हाइसमध्ये घट्ट धरलेली, डोळ्यांवर गॉगल. हे काम मोठ्या माणसाचंच. बिट निसटलं तर ते सरळ बोटात जातं, तिथे “तिलाच करू दे” वगैरे काही नाही.

जुना रंग काढायचं रसायनही तसंच. ते कातडीला पोळतं, त्याची वाफ छातीत जाते, आणि प्लॅस्टिक त्यात विरघळू शकतं. म्हणून काचा-सीट आधी सगळं बाहेर काढायचं, हातमोजे घालायचे आणि हा उद्योग गॅलरीत करायचा. काचेची जी बरणी त्यासाठी घेतली ती परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठणकावून सांगायचं. आणि एक मनापासून सांगते, थिनर कधीही पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. आपण घाईत ठेवतो, “आत्ता वापरून टाकू” म्हणतो. तहानलेलं मूल बाटलीचा वास घेऊन पीत नाही. निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्यापासूनही ते लांबच हवं.

गाडी फारच जुनी असेल, म्हणजे आपल्या लहानपणची किंवा त्याआधीची, तर तिच्या रंगात शिसं असू शकतं. ती कोरडी घासायची नाही. वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. नंतर हात साबणाने धुवायचे आणि घासताना शेजारी चिवड्याची वाटी नको. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चाकं आणि दिवे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवायचे. एवढं सांभाळलं की पुढचं काम मुलांवर सोपवता येतं.

आणि तिथेच आपली परीक्षा सुरू होते.

‘दे इकडे.’ दिवसातून किती वेळा म्हणतो आपण हे! दप्तर भरताना, वेणी घालताना, डब्याचं झाकण लावताना. सकाळी शाळेची बस गाठायची असते, आपल्याला ऑफिसची लोकल गाठायची असते, त्यात आपली चूक काही नसते. पण ही सवय रविवारी दुपारीही सुटत नाही. मूल टोकदार चिमट्याने इवलासा आरसा दाराला लावत असतं, हात थरथरत असतो, आरसा तिसऱ्यांदा पडतो, आणि आपला हात आपल्याही नकळत पुढे जातो. “दे इकडे, मी लावून देतो.” बाबालोकांचं तर विचारूच नका. त्यांच्यातला बारा वर्षांचा मुलगा असा टपूनच बसलेला असतो. मुलाचा छंद पंधरा मिनिटांत बाबांचा छंद होतो आणि मूल शेजारी उभं राहून “बाबा, मी करू?” विचारत राहतं.

त्या वेळी मुलाच्या हातांकडे बघा. वस्तू काढून घेतली की ते हात थोडा वेळ तसेच राहतात, काहीतरी धरल्यासारखे. मग खाली जातात. पुढच्या वेळी मूल आरसा लावायचा प्रयत्न करतच नाही, सरळ आपल्याकडे आणून देतं. आपल्याला वाटतं, शहाणं झालं, विचारून करायला लागलं.

आमच्याकडे शेवटी एक साधी युक्ती सापडली. नवऱ्याला एक वेगळी मोडकी गाडी दिली. दोघं एकाच टेबलावर, पण प्रत्येकाची गाडी आपापली. दुसऱ्याच्या गाडीला बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही. आता तो आपल्या गाडीशी झटापट करत असतो, त्याचाही आरसा पडतो, तोही चरफडतो. लेकीला हे बघून जेवढा धीर आला तेवढा माझ्या कुठल्याच समजावणीने आला नव्हता. मोठ्यांनाही जमत नाही, हे मुलांना दिसतच नाही ना कधी. आपण त्यांना जमलेल्या गोष्टीच दाखवतो.

गाडी लहान असली तरी अंगी शिस्त लागते ती मोठी. या गाड्या वाटेल त्या मापाच्या नसतात, ठरलेल्या प्रमाणात लहान केलेल्या असतात. खिशात मावणाऱ्या साधारण १:६४, जुन्या ब्रिटिश डिंकीसारख्या साधारण १:४३, प्लॅस्टिकचे भाग जोडून करायच्या किटमध्ये १:२४, आणि दार-बॉनेट उघडणाऱ्या मोठ्या १:१८. त्यातलं ४३ हे विचित्र प्रमाण खेळण्यातल्या आगगाडीवरून आलंय. ‘ओ’ गेजच्या रुळांशेजारी शोभेल अशी मोटार हवी होती, म्हणून.

लेकीने एकदा जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची लांबी शोधली, चार मीटरला थोडी कमी. भागाकार केला. १:४३ ला नऊ सेंटिमीटर, १:१८ ला बावीसच्या आसपास. मग रंगाच्या थराचंही गणित केलं. एक दशांश मिलीमीटर जाडीचा थर ४३ पट केला तर सव्वाचार मिलीमीटर! खऱ्या गाडीवर कुणी एवढा जाड रंग थापला तर दाराची फट बुजून जाईल. म्हणून छोट्या गाडीवर एक जाड हात मारायचा नसतो, दोन-तीन अगदी पातळ मारायचे असतात.

हे ऐकताना मला मनातून उकळ्या फुटत होत्या. गुणोत्तर आणि प्रमाण, तेही न सांगता! पण तोंड मिटून बसले. आपण एकदा का “बघ, यात किती गणित आहे” म्हटलं की मुलांना वास येतो. त्यांच्या एकुलत्या एका मोकळ्या जागेतही आई अभ्यासाची वही घेऊन शिरली, असं त्यांना वाटतं. आणि ते चुकीचं नसतं.

रंगाचं काम म्हणजे वाट बघण्याचं काम. आधी राखाडी प्रायमर, तो वाळू द्यायचा. मग हलक्या हाताने घासायचं. मग रंगाचा पहिला पातळ हात, स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून. पुन्हा वाट बघायची. दोन रंग असतील तर फिका आधी, गडद नंतर. म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी करायची तर आधी पिवळं छप्पर, त्यावर मास्किंग टेप, मग काळी बॉडी. रंग वाळला का हे बघायला बोट लावायचं नसतं, नाक लावायचं. वास येतोय म्हणजे अजून ओला आहे.

आणि पावसाळ्यात तर सगळाच आनंद. हवा दमट असली की स्प्रेच्या रंगावर पांढुरकी झाक धरते. जुलैत ठाण्या-डोंबिवलीकडे राहणाऱ्या मुलाने एका उघडिपीसाठी किती थांबायचं? आमच्याकडे एक गाडी प्रायमर लावून तशीच राखाडी उभी राहिली, श्रावणात ऊन पडेपर्यंत.

त्या काळात माझी जी तगमग झाली ती लेकीची नाही झाली! येता-जाता मी “झाली का गं गाडी?” विचारायचे. तुम्हीही विचाराल. त्या प्रश्नात प्रेमच असतं, पण मुलाला त्यात घाई ऐकू येते. आपल्या घरात अर्धवट वस्तू बघवतच नाहीत कुणाला. पाहुणे येणार म्हटलं की पहिली गदा त्या ताटावर. सगळं गोळा करून पिशवीत. मग चाक हरवतं, मूल रडतं, आपण म्हणतो, “एवढ्याशा चाकासाठी?” त्याच्यासाठी ते एवढंसं नसतं. महिनाभर ते त्या चाकाची जागा डोळ्यांपुढे धरून बसलेलं असतं.

घर लहान आहे, मान्य. आमचंही वन बीएचके. पण एक ताट मावेल एवढी जागा निघते. फ्रीजवर, शिवणयंत्रावर, कपाटाच्या माथ्यावर. त्या ताटाला मुलाला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, कामाच्या मावशींनीही नाही, हे एकदा ठरवून टाका. अपुरं काम अपुरं ठेवण्याची परवानगी मुलांना फार ठिकाणी मिळत नाही. शाळेत तर नाहीच.

पद्मिनीचं म्हटलं ना मघाशी, त्याचं असं झालं. माझ्या वडिलांकडे फिकट पिवळट रंगाची पद्मिनी होती. लेकीला डब्यातल्या एका चौकोनी गाडीची पद्मिनी करायची होती. आजोबांनी गाडी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “नाक तसं नव्हतं हिचं.” झालं! तिने एम-सील मळून नाक घडवायला घेतलं. घडवताना दर पाच मिनिटांनी आजोबांना फोन. गिअर कुठे होता? स्टिअरिंगलाच. पुढे दोन वेगळ्या सीट होत्या का? नाही रे बाळा, सलग बाक होता, पुढेच तिघं बसायचो, वर तुझी आई मांडीवर. गाडी बनायची कुठे? आपल्या कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात. आणि त्याआधीच्या गोल पाठीच्या फियाटला आम्ही डुक्कर फियाट म्हणायचो, हे कळल्यावर तर पोरगी हसून हसून लोळली.

माझे वडील फोनवर फार बोलणारे नव्हेत. “बरी आहेस? बरं,” एवढ्यावर त्यांचा फोन संपतो. या गाडीच्या नाकावरून मात्र ते अर्धा-अर्धा तास बोलले. नातवंडांनी आजी-आजोबांशी बोलावं म्हणून आपण मागे लागतो. “आजोबांना फोन कर, काय चाललंय विचार.” पण विचारणार काय? इथे विचारायला खरोखरच काहीतरी होतं, आणि ते त्यांनाच ठाऊक होतं.

एक जपायला हवं मात्र. जुन्या गाडीपाशी आलो की आपली पिढी हळवी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्याच्या महिनाभर आधी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली, आणि आपण सगळ्यांनी मोबाइलवर एकमेकांना फोटो पाठवून उसासे टाकले. तो उसासा मुलांच्या गळ्यात बांधायचं कारण नाही. लेकीची पद्मिनी तयार झाली तेव्हा ती फिकट पिवळी नव्हती, जांभळी होती. आजोबांनी क्षणभर बघितलं, म्हणाले, “नंबरप्लेट तरी माझी लाव.” त्यांनी जे केलं ते मला जमलं असतं का, शंका आहे.

नाकही अगदी पद्मिनीसारखं नाही जमलेलं. जाणकार बघेल तर म्हणेल, ना धड पद्मिनी ना धड मूळची. मग? मुलाच्या कामातली चूक आपल्याला आधी दिसते, हा आपला जुना आजार. वहीत नव्वद शब्द बरोबर असले तरी आपलं बोट चुकलेल्या वेलांटीवर जातं. इथे निदान रविवारपुरतं ते बोट खिशात ठेवूया. काही बोलावंसं वाटलंच तर “हा भाग कसा केलास?” विचारावं. मूल सांगायला लागतं आणि सांगता सांगता स्वतःच म्हणतं, “इथे थोडं बिघडलंय, पुढच्या वेळी आधी घासून घेईन.” आपण म्हणायचं होतं ते त्यानेच म्हटलेलं असतं.

काही गोष्टी बिघडतात त्या न सांगता कळत नाहीत, त्या मात्र आधी सांगून ठेवाव्यात. गाडीची काच सुपरग्लूने चिकटवू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट धुकं धरतं आणि ते सहजी निघत नाही. काचेला साधा पांढरा फेविकॉल पुरतो, वाळला की दिसतही नाही. काचेवरचे बारीक ओरखडे टूथपेस्टने हळू हळू घासले की बरेच कमी होतात. हे ऐकल्यावर आमच्याकडे टूथपेस्ट इतक्या भराभर संपायला लागली की शेवटी तिला वेगळी आणून दिली. नंबर-पट्ट्यांचे जे कागदी ठसे मिळतात ते पाण्यात थोडा वेळ भिजवले की अलगद सरकतात, आणि सरकवताना श्वास रोखला जातो तो जोडणाऱ्याचाही आणि बघणाऱ्याचाही.

आणि काही गोष्टी दुरुस्त होतच नाहीत. तेही सांगावं लागतं. जुन्या काळी जस्ताच्या मिश्रणात शिशाचा किंचित अंश राहून गेला असेल तर तो धातू वर्षानुवर्षं आतून भेगाळत जातो. महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी डिंकी गाड्यांचं असं झालंय. गाडी कपाटात, खोक्यात, कुणी हात न लावता ठेवलेली, आणि उघडून बघावं तर तुकडे. चिकटवून उपयोग नाही, घासून उपयोग नाही. लेकीने हे वाचलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “म्हणजे कुणी काहीच चुकीचं केलं नाही तरी?” हो, म्हटलं, तरी. अशा वेळी आपण घाईघाईने “जाऊ दे, दुसरी आणू” म्हणतो, कारण मुलाचा उतरलेला चेहरा आपल्याला सोसवत नाही. दुसरी आणायला हरकत नाही. पण त्याआधी त्याला थोडं वाईट वाटून घेऊ द्यावं.

दुसरी आणण्यावरून पैशाचं आलं. खिशात मावणारी नवी गाडी दोनशे रुपयांच्या आतबाहेर येते, जपानच्या शिझुओकातल्या तामियासारख्या कंपन्यांचे जोडायचे किट हजारांत जातात. सुरुवातीला त्या वाटेला जाऊच नये. घरातल्या डब्यातच चार गाड्या असतात, दोन मावशीकडे, दोन शेजारी. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे एका मोडक्या गाडीची चाकं दुसरीला लावण्याजोग्या गाड्या मिळून जातात. किट घ्यायचंच तर पहिलं न चिकटवता दाबून बसणारं घ्यावं, आणि खोक्यावरचं वय बघावं. “आमचा हुशार आहे, त्याला जमेल” म्हणून चौदा वर्षांवरचं किट दहा वर्षांच्या मुलाला आणून दिलं की रडू त्याला येतं आणि राग आपल्याला.

अलीकडे आणखी एक खूळ शिरलंय, आपल्या मोठ्यांच्या डोक्यात. खोकं फोडायचं नाही, पुढे किंमत वाढेल! काही गाड्यांची वाढते, खरं आहे. जुन्या दुर्मिळ गाडीला मूळ रंगातच मोल असतं, पुन्हा रंगवली की संग्राहकांच्या लेखी तिची किंमत उतरते, हेही खरं. तेव्हा एखादी खरोखरच फार जुनी गाडी हाताला लागली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय रंग काढू नका. पण सहावीतल्या मुलाने वाढदिवसाला मिळालेली गाडी न फोडता बघत बसायची? ते नका करू.

आता अभ्यास. तुम्ही मघापासून त्याचीच वाट बघत असाल. या छंदाने मार्क वाढतील असं मी सांगणार नाही, मला तसं काही दिसलेलं नाही. मोबाइल सुटेल असंही नाही, उलट व्हिडिओ बघायला तो मागितला जातोच. आमच्याकडे शाळेच्या दिवसांत गाड्यांना सुट्टी असते आणि रविवारी दुपार त्यांची असते. परीक्षेच्या आधी ताट वर जातं, पण पिशवीत नाही, जसंच्या तसं. एवढंच पाळलंय की गाडी बक्षीस म्हणून द्यायची नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही. “विज्ञानात पंचवीसपैकी वीस पडले तरच रंगाचा डबा,” असं म्हणणं फार सोपं असतं, आपण सगळेच थकून घरी आल्यावर असंच काहीतरी म्हणतो. पण मग गाडीलाही प्रगतिपुस्तकाचा वास लागतो.

तसंच ग्रुपवर फोटो टाकण्याचं. गाडी झाली की आपला हात शिवशिवतो. आधी तिला विचारा. कधी कधी मुलांना ती कुणालाच दाखवायची नसते. आमच्या लेकीने जांभळ्या पद्मिनीचा फोटो फक्त आजोबांना पाठवला. मावश्या-काकू अजून मला विचारतात, मी सांगते, तिला विचारा.

तर या सुट्टीत तो डबा खाली काढाच. मुलगा असो की मुलगी, समोर बसवा, स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात द्या, मसाल्याचा डबा रिकामा करून द्या आणि तुमच्यासाठी एक वेगळी मोडकी गाडी घ्या. ड्रिल मात्र तुमच्याच हातात ठेवा.